पोलादी तार कर्षण

पोलादी तार कर्षण : पोलादाची सळई तिच्याहून लहान छिद्र असलेल्या कठीण साधनातून ओढून तिचा व्यास कमी करण्याच्या व लांबी वाढविण्याच्या क्रियेस तार कर्षण म्हणतात. छिद्र असलेल्या या साधनास मुद्रा म्हणतात. कारखान्यांतून मात्र ‘डाय’ हाच शब्द रूढ आहे. या क्रियेत धातू कापला किंवा खरवडून काढला जात नाही. त्याचे घनफळ कायम राहते व आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ज्या पटीने कमी होते त्याच पटीने लांबी वाढते. कर्षण बहुधा सळई न तापविता करतात. त्यामुळे आकार बदलत असतानाच पोलाद अधिकाधिक कठीण व बळकट होत जाते. म्हणूनच तार कर्षण हे केवळ आकार देण्याचे तंत्र नसून पोलादाचे गुणधर्म घडविण्याचेही तंत्र आहे.

एकाच प्रतीच्या सळईपासून सारख्याच व्यासाची तार दोन ठिकाणी तयार केली, तरी दोन्ही तारा गुणांनी सारख्या असतीलच असे नाही. एकूण घट (छेदाच्या क्षेत्रफळातील कपात) सारखी असली, तरी ती किती टप्प्यांत केली, मुद्रेचा कोन किती होता, कोणते वंगण वापरले आणि कर्षणाच्या वेळी तार किती तापली, यांवर तारेच्या अंतर्भागातील विरूपण (आकारात होणारा कायम स्वरूपाचा बदल) अवलंबून असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही व व्यास मोजूनही कळत नाही. तार पिळली, उलटसुलट वाकविली किंवा वर्षानुवर्षे ताणाखाली ठेवली म्हणजे तो प्रकट होतो. उद्‌वाहने, खाणींतील पाळणे, झुलते पूल, पूर्वप्रतिबलित काँक्रीट, मोटारींची धावपट्टे व स्प्रिंगा यांची सुरक्षितता अशा तारांवर अवलंबून असल्यामुळे कर्षणाची पद्धत हा महत्त्वाचा विषय ठरतो.

इतिहास : सोने, चांदी व तांबे यांच्या तारा भोके असलेल्या पट्टीतून हाताने ओढून काढण्याची कला फार जुनी असून सोनार आजही ती वापरतात. लोखंडी तारेसाठी बरेच जास्त बल लागत असल्याने यूरोपात चौदाव्या शतकात जलशक्तीचा उपयोग होऊ लागला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर या धंद्याचे मोठे केंद्र होते व तेथील तार कर्षणाच्या पाणचक्कीचे चित्र आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढले. बर्मिंगहॅम येथील जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये पोलादी तारेवरील एका विशिष्ट उष्णता संस्करणाचे एकस्व (पेटंट) घेतले. या संस्करणाने तारेची चिवटी व बल ही दोन्ही एकदम वाढत असत. पियानोच्या तारांसाठी ते प्रथम उपयोगात आले व त्याला पुढे ‘पेटंटिंग’ हेच नाव पडले. १८६६ मध्ये अटलांटिक महासागरात टाकलेल्या तारायंत्राच्या केबलीच्या संरक्षक वेष्टनासाठी हॉर्सफॉल यांच्या कारखान्याने तार पुरविली होती. जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी १९२३ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांपासून अत्यंत कठीण पदार्थ तयार केला. विजेच्या दिव्यांतील टंगस्टनाची तार ओढण्याच्या मुद्रांसाठी त्याचा शोध सुरू झाला होता. पण पोलादी तारेच्या मुद्राही लवकरच त्याच्याच होऊ लागल्या. अतिशय बारीक तारांसाठी हिऱ्याच्या मुद्रा वापरतात.

पूर्वतयारी : कर्षणासाठी लागणारी सळई तप्त लाटण पद्धतीने तयार करून वेटोळ्याच्या रूपात पुरवितात. तिचा व्यास बहुधा ५.५ मिमी. किंवा अधिक असतो. बांधकामातील सळया बांधण्याची तार, खिळे, जाळ्या इत्यादींसाठी कार्बनाचे प्रमाण सु. ०.१ टक्का किंवा त्याहून कमी असलेले मऊ पोलाद वापरतात. दोर, स्प्रिंगा व पूर्वप्रतिबलित काँक्रीट यांच्या तारांसाठी ०.६ ते ०.९ टक्का कार्बन असलेले पोलाद लागते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

उच्च कार्बनी पोलाद आहे त्या स्थितीत फार ओढता येत नाही. पेटंटिंगमध्ये ते ९००° से. पेक्षा अधिक तापवून सु. ५००° ते ५५०° से. तापमानाच्या वितळलेल्या शिशाच्या कुंडातून नेतात. त्यामुळे पोलादात पर्लाइट नावाची अतिसूक्ष्म थरांची संरचना तयार होते. तीत मऊ फेराइट व कठीण सिमेंटाइट (लोहाचे कार्बाइड) यांचे थर एकाआड एक असतात. शिशाची वाफ व धूळ आरोग्यास घातक असल्याने अनेक ठिकाणी शिशाऐवजी वितळलेली लवणे किंवा हवेने तरंगत ठेवलेली तप्त वाळू वापरतात. लाटण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या सळईवर वेगवान हवेचे झोत सोडून तिचे शीतन नियंत्रित करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तिच्यामुळे जाड तारांच्या बाबतीत वेगळे पेटंटिंग पुष्कळदा टाळता येते.

लाटणाच्या वेळी सळईवर ऑक्साइडाची खपली धरते. ती अम्लाने धुऊन किंवा सळई कप्प्यांवरून उलटसुलट वाकवून काढून टाकतात. खपली राहिल्यास ती मुद्रेत ओरखडे पाडते. अम्लात सळई जास्त वेळ राहिल्यास हायड्रोजन वायू धातूत शिरून तार ठिसूळ होते. स्वच्छ सळईवर चुना, टाकणखार (बोरॅक्स) किंवा झिंक फॉस्फेट यांचा पातळ लेप देतात. या लेपाला साबणाची भुकटी धरून राहते व ती मुद्रेत वंगणाचे कार्य करते.

मुद्रा व विरूपण : मुद्रेतील छिद्राचे चार भाग असतात. रुंद प्रवेशमुखातून वंगण आत खेचले जाते. त्यापुढील शंकूच्या आकाराच्या भागात प्रत्यक्ष विरूपण घडते. नंतरचा आखूड समांतर भाग तारेचा व्यास निश्चित करतो आणि शेवटी बाहेर पसरत जाणारे निर्गममुख असते. पोलादासाठी शंकूचा अर्धकोन सामान्यतः ४° ते ८° असतो.

तार पुढून ओढली जात असली, तरी ती बारीक होते ती मुख्यतः मुद्रेच्या भिंतीच्या दाबामुळे. ओढण्याच्या बलाने तार शंकूत घुसते व भिंत तिला सर्व बाजूंनी आत दाबते. एका वेळी किती घट करता येईल यास मर्यादा आहे, कारण ओढण्याचे सर्व बल मुद्रेतून बाहेर पडलेल्या बारीक तारेलाच सोसावे लागते. घर्षण मुळीच नाही व धातू कठीण होत नाही असे मानले, तर सैद्धांतिक दृष्ट्या ही मर्यादा सु. ६३ टक्के येते. प्रत्यक्षात उच्च कार्बनी तारेसाठी प्रत्येक मुद्रेत १५ ते २५ टक्केच घट करतात.

ओढण्यासाठी खर्च होणाऱ्या कार्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग तार केवळ लांब व बारीक करण्यासाठी लागतो आणि तो अटळ असतो. दुसरा मुद्रेच्या भिंतीवरील घर्षणात जातो. तिसरा भाग धातूचे कण शंकूत शिरताना आत वळण्यात व बाहेर पडताना पुन्हा सरळ होण्यात खर्च होतो. या वळण्यामुळे तारेच्या आकारात काहीही उपयुक्त बदल होत नाही. म्हणून त्यास अतिरिक्त विरूपण म्हणतात. तारेचा उभा छेद घेऊन त्यावर चौकटी आखल्या व दोन्ही भाग जुळवून तार ओढली, तर सुरुवातीस सरळ असलेल्या आडव्या रेषा कमानीसारख्या वाकलेल्या आढळतात. मधला भाग पुढे गेलेला व पृष्ठालगतचा भाग मागे रेंगाळलेला दिसतो. पृष्ठाजवळील थरांना गाभ्यापेक्षा अधिक विरूपण सोसावे लागल्याचा हा पुरावा होय. मुद्रेचा कोन मोठा असल्यास अतिरिक्त विरूपण वाढते. कोन फार लहान असल्यास संपर्काची लांबी वाढून घर्षण वाढते. या दोहोंच्या मध्ये, ज्यास ओढण्याचे बल किमान लागते, असा एक इष्टतम कोन असतो.

विरूपण किती असमान होईल हे एका साध्या गुणोत्तरावरून सांगता येते. शंकूत सापडलेल्या तारेच्या सरासरी व्यासास संपर्काच्या लांबीने भागले म्हणजे हा आकारगुणक मिळतो. तो लहान असल्यास मुद्रेचा दाब गाभ्यापर्यंत पोहोचतो व विरूपण बरेचसे एकसारखे होते. तो मोठा असल्यास दाब पृष्ठाजवळच खर्च होतो आणि गाभ्यातील धातू दाबला जाण्याऐवजी ताणला जातो. तेथे एखादा अधातवीय कण किंवा कार्बन अधिक साचलेला पट्टा असेल, तर त्या ठिकाणी सूक्ष्म पोकळी उत्पन्न होते. पुढील प्रत्येक मुद्रेत ती वाढत जाऊन तारेच्या मध्यभागी बाणाच्या टोकासारख्या भेगांची मालिका तयार होते. अशी तार बाहेरून निर्दोष दिसते. तुटल्यावर मात्र तिचे एक टोक पेल्यासारखे व दुसरे शंकूसारखे आढळते.

घटीचे वाटप : ५.५ मिमी. व्यासाच्या सळईपासून २ मिमी. व्यासाची तार काढावयाची आहे असे समजू. छेदाचे क्षेत्रफळ सु. ७.५६ पटीने कमी होईल, म्हणजे एकूण घट सु. ८७ टक्के असेल व एक मीटर सळईपासून साडेसात मीटरहून थोडी अधिक तार मिळेल. प्रत्येक टप्प्यात २० टक्के घट ठेवल्यास नऊ मुद्रा लागतात, तर १० टक्के घट ठेवल्यास एकोणीस लागतात. थोडी थोडी घट केल्याने तारेला इजा कमी पोहोचेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण ६° अर्धकोनाच्या मुद्रेत २० टक्के घटीस आकारगुणक सु. १.९ येतो आणि १० टक्के घटीस तो जवळजवळ ४ होतो. म्हणजे कोन तोच ठेवून केलेले सौम्य कर्षण गाभ्याला अधिक घातक ठरते आणि तारेला अतिरिक्त विरूपणाचा धक्का नऊऐवजी एकोणीस वेळा बसतो. लहान घट करावयाचीच असेल, तर कोनही त्या प्रमाणात कमी करावा लागतो. १० टक्के घटीसाठी अर्धकोन ३° केल्यास आकारगुणक पुन्हा २ च्या आसपास येतो. घट व कोन यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा तार कर्षणातील मूलभूत नियम आहे. मुद्रा झिजल्याने तिचा कोन व समांतर भाग बदलतात, त्यामुळे चांगला आराखडाही हळूहळू बिघडू शकतो.

उष्णता : विरूपणासाठी खर्च झालेल्या कार्यापैकी बहुतेक भागाचे उष्णतेत रूपांतर होते. ज्या तारेला विरूपित करण्यास सरासरी १,२०० न्यूटन प्रति चौ. मिमी. इतके प्रतिबल लागते, तिच्यात २० टक्के घट केल्यास, घर्षण सोडूनही, तिचे तापमान एका मुद्रेत सु. ७०° से. ने वाढते. घर्षणाची उष्णता तर पृष्ठाच्या पातळ थरातच साठते. वर उल्लेखिलेली २ मिमी. तार शेवटच्या मुद्रेतून दर सेकंदास १० मी. वेगाने बाहेर पडत असेल, तर तिचा प्रत्येक भाग त्या मुद्रेच्या शंकूतून एका सेकंदाच्या सु. आठ हजाराव्या भागात पार होतो. एवढ्या अवधीत उष्णता आत पसरू शकत नाही. म्हणून पृष्ठ गाभ्यापेक्षा पुष्कळ अधिक तापते. दोन मुद्रांमध्ये तार पुरेशी थंड झाली नाही, तर प्रत्येक टप्प्याची वाढ मागील टप्प्याच्या उष्णतेत मिळत जाते.

तारेचे तापमान १५०° ते २००° से. च्या पुढे गेल्यास कार्बन व नायट्रोजन यांचे अणू स्फटिकांतील दोषांजवळ जमतात व त्यांची हालचाल रोखून धरतात. यास विकृतिजन्य जरण म्हणतात. त्यामुळे तारेचे ताणबल वाढलेले दिसते, पण पीळ सोसण्याची क्षमता घटते. केवळ ताणबल मोजणाऱ्यास अशी तार उत्तम वाटेल. पिळल्यावर मात्र ती लांबीच्या दिशेने मळसूत्रासारखी फाटते. यावर उपाय म्हणून मुद्रा व ओढणारे दंडगोल यांच्यात पाणी खेळवितात, तारेवर हवेचे झोत सोडतात आणि काही यंत्रांत मुद्रेतून बाहेर पडणाऱ्या तारेवर थेट पाणी सोडून ती पुढे कोरडी करतात. तार बळकट होत जाते तशी प्रत्येक टप्प्यातील उष्णताही वाढत असल्याने शेवटच्या मुद्रांमधील घट आधीच्या मुद्रांपेक्षा कमी ठेवण्याचा प्रघात आहे.

कर्षणाच्या पद्धती : (१) शुष्क कर्षण : मुद्रेपुढील पेटीत सोडियम किंवा कॅल्शियम स्टिअरेटाची साबण भुकटी भरलेली असते व तार तिच्यातून मुद्रेत शिरते. दाब व उष्णता यांमुळे साबण मऊ होऊन तार व मुद्रा यांमध्ये पातळ थर तयार होतो. मध्यम व जाड तारांसाठी ही पद्धत सर्वत्र वापरतात. पूर्वीच्या बहुमुद्रा यंत्रांत प्रत्येक दंडगोलावर तारेचे अनेक वेढे साठवून ती वरच्या कप्पीवरून पुढे नेत. त्यामुळे तार थंड होण्यास वेळ मिळे, पण प्रत्येक वेळी तिला पीळ पडे. नंतरच्या सरळमार्गी यंत्रांत प्रत्येक दंडगोलाचा वेग स्वतंत्रपणे व अचूकपणे नियंत्रित होत असल्याने तार न पिळता एका मुद्रेतून दुसरीत जाते. उच्च बलाच्या तारांसाठी ही यंत्रे श्रेयस्कर ठरली आहेत.

(२) आर्द्र कर्षण : धावपट्ट्यातील दोरांसाठी लागणाऱ्या ०.१५ ते ०.४ मिमी. व्यासाच्या तारा साबण व तेल यांच्या पाण्यातील पायसात बुडविलेल्या मुद्रांमधून ओढतात. या तारांवर पितळेचा मुलामा असतो. तो रबरास चिकटण्यासाठी दिलेला असला, तरी कर्षणाच्या वेळी वंगणासही मदत करतो. शीतन उत्तम होते व पृष्ठ चकचकीत निघते. परंतु तार पायऱ्यापायऱ्यांच्या शंकूवर काहीशी घसरत जात असल्याने घर्षणाचा काही भाग तेथेही खर्च होतो.

(३) द्रवगतिकीय वंगण : ब्रिटनमध्ये डी. जी. क्रिस्टोफरसन व एच. नेलर यांनी १९५५ मध्ये मुद्रेच्या आधी एक लांब व अरुंद नळी बसवून वेगाने जाणारी तार वंगणाला स्वतःबरोबर आत खेचते व नळीत मोठा दाब उत्पन्न करते असे दाखविले. याच तत्त्वावरील दाबमुद्रांत कामाच्या मुद्रेपुढे किंचित मोठ्या छिद्राची दुसरी मुद्रा बसवून दोहोंमध्ये साबण दाबाखाली कोंडतात. तार व मुद्रा यांचा धातूशी धातू असा संपर्क कमी होतो. पृष्ठाची उष्णता, पृष्ठालगतचे अतिरिक्त विरूपण व मुद्रेची झीज ही तिन्ही घटतात. वंगणाचा थर फार जाड झाल्यास मात्र पृष्ठ खडबडीत होते.

(४) रूळमुद्रा : यात छिद्राऐवजी खाचा असलेल्या व मोकळेपणाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्या एकमेकींशी काटकोनात बसवितात. तार त्यांमधून ओढली जात असताना रूळ तिच्याबरोबर फिरतात. घसरत्या घर्षणाऐवजी लोटन घर्षण झाल्याने बल व उष्णता कमी लागते आणि एका टप्प्यात अधिक घट करता येते. परंतु दाब सर्व बाजूंनी एकाच वेळी पडत नसल्यामुळे परिघाभोवती विरूपण सारखे होत नाही व छेद पूर्ण वर्तुळाकार राहत नाही. म्हणून शेवटची मुद्रा सामान्य शंकूचीच ठेवतात. चपट्या व इतर विशिष्ट छेदांच्या तारांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

(५) पश्चताणासह कर्षण : मुद्रेत शिरणाऱ्या तारेस मागून मर्यादित ताण दिल्यास मुद्रेवरील दाब व तिची झीज कमी होते. एकूण ओढबल मात्र वाढते व गाभ्यातील ताणही वाढतो. त्यामुळे सदोष गाभ्याच्या पोलादास ही पद्धत मानवत नाही.

अंतर्गत संरचनेतील बदल : कर्षणात पर्लाइटाचे थर हळूहळू तारेच्या अक्षाला समांतर होतात व एकमेकांच्या जवळ येतात. व्यास ५.५ वरून २ मिमी. वर आला की थरांमधील अंतरही स्थूलमानाने त्याच प्रमाणात घटते. एरवी ठिसूळ असणारे सिमेंटाइट इतक्या पातळ थरांत फेराइटाबरोबर बऱ्याच अंशी आकार बदलू शकते. जे. डी. एंबरी व आर. एम. फिशर यांनी १९६६ मध्ये दाखविल्याप्रमाणे तारेचे बल या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. पेटंटिंग केलेल्या ०.८ टक्का कार्बनी सळईचे ताणबल सु. १,२०० न्यूटन प्रति चौ. मिमी. असते, तर तिच्यापासून काढलेल्या २ मिमी. तारेचे ते १,९०० ते २,००० पर्यंत जाते. विरूपण फारच मोठे झाल्यास सिमेंटाइटाचा काही भाग विघटित होऊन कार्बन फेराइटात शिरतो. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अतिशय बारीक तारेत सु. ७,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. इतके बल आढळले. प्रयोगशाळेतील असे बल जाड तारेत आणता येत नाही, कारण तिच्यात विरूपणाची असमानता व उष्णता या दोन्ही अडचणी तीव्र होतात.

अवशिष्ट प्रतिबले : पृष्ठ व गाभा यांचे विरूपण सारखे नसल्यामुळे भार काढल्यावरही तारेत अंतर्गत प्रतिबले उरतात. नेहमीच्या कर्षणानंतर पृष्ठ ताणात व गाभा दाबात असतो. पृष्ठावरील हा ताण घातक होय, कारण बाहेरून येणाऱ्या ताणात त्याची भर पडते व गंज किंवा हायड्रोजन यांच्या साहाय्याने भेगा लवकर सुरू होतात. शेवटी अगदी अल्प, एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, घट केल्यास केवळ पृष्ठाचाच थर विरूपित होऊन तो दाबात जातो. तार कप्प्यांमधून सरळ करण्यानेही अवशिष्ट प्रतिबले कमी होतात. पूर्वप्रतिबलित काँक्रीटसाठी लागणारी तार मोठ्या ताणाखाली ठेवून सु. ३५०° ते ४००° से. पर्यंत क्षणभर तापवितात. या स्थिरीकरणामुळे तारेतील ताण कालांतराने सैल पडण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. अशा तारांच्या पेडासाठी भारतीय मानकात तुटण्याच्या भाराच्या ७० टक्के भाराखाली १,००० तासांत ताण २.५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये, अशी अट आहे.

चाचण्या : ताणबलाची चाचणी आवश्यक असली, तरी ती पुरेशी नसते. पीळ चाचणीत तारेच्या व्यासाच्या १०० पट लांबीचा तुकडा तुटेपर्यंत पिळून किती पीळ बसले ते मोजतात व तुटलेला छेद तपासतात. अक्षाला काटकोनात सपाट तुटणे हे चांगल्या तारेचे लक्षण असून मळसूत्राकार फाटणे हे जरणाचे किंवा असमान विरूपणाचे लक्षण समजतात. उलटसुलट वाकविण्याच्या व स्वतःच्याच व्यासाभोवती गुंडाळण्याच्या चाचण्यांत पृष्ठावरील दोष उघडकीस येतात. गाभ्यातील भेगा शोधण्यासाठी उभे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाने तपासतात.

पुलांच्या तारांचा अनुभव : तारेच्या गुणवत्तेवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे झुलत्या पुलांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पुलाच्या (१८८३) मुख्य केबलींसाठी प्रथमच पोलादी तार वापरण्यात आली. जे. लॉइड हेग या पुरवठादाराने तपासणीत नापास झालेली तार पास झालेल्या तारेच्या जागी पाठविल्याचे १८७८ मध्ये उघडकीस आले. तोपर्यंत बरीच सदोष तार केबलींत गुंफली गेली होती. मुळात ठेवलेला सुरक्षा गुणक मोठा असल्याने मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग यांनी प्रत्येक केबलीत सु. १५० तारा अधिक घालून ही उणीव भरून काढली.

अमेरिकेतील माउंट होप व अँबॅसडर या दोन पुलांच्या बांधकामात कर्षणाने बळकट केलेल्या तारेऐवजी कठिनीकरण व पायनीकरण करून बळकट केलेली तार घेतली होती. चाचणीत तिचे ताणबल समाधानकारक होते. परंतु १९२९ च्या आरंभी नांगरांजवळ जेथे तारा वळविलेल्या होत्या, तेथे त्या एकामागून एक तुटू लागल्या. अखेर दोन्ही पुलांच्या केबली उतरवून शीत कर्षणाच्या तारेने नव्याने घालाव्या लागल्या व त्याच वर्षी पूल खुले झाले. ताणबल सारखे असले, तरी ते कोणत्या मार्गाने आले हे निर्णायक असते, असा धडा यातून मिळाला. कर्षणाने लांबीच्या दिशेने रचलेले पर्लाइटाचे थर आडव्या भेगेला अडवितात; कठिनीकरण केलेल्या तारेत अशी दिशायुक्त रचना नसते.

ब्रुकलिन पुलाच्या तारेचे बल सु. १,१०० न्यूटन प्रति चौ. मिमी. होते. जपानमधील १,९९१ मी. गाळ्याच्या आकाशी काइक्यो पुलासाठी (१९९८) ५.२३ मिमी. व्यासाची व सु. १,८०० बलाची तार तयार करण्यात आली. गंजू नये म्हणून पुलाच्या तारेवर सु. ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्ताचा मुलामा देतात. या तापमानास सिमेंटाइटाचे थर तुटू लागून कर्षणाने मिळविलेले बल अंशतः नाहीसे होते. आकाशी पुलाच्या पोलादात सिलिकॉनाचे प्रमाण वाढवून ही हानी कमी करण्यात आली. तुर्कस्तानातील २,०२३ मी. गाळ्याच्या १९१५ चानाक्काले पुलासाठी (२०२२) सु. १,९६० बलाची तार वापरली. मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूचा (२००९) केबलींनी तोलून धरलेला भागही समांतर ठेवलेल्या उच्च बलाच्या पोलादी तारांवरच उभा आहे.

भारतात पोलादी तारेचा कारखाना जमशेटपूर येथे १९२० मध्ये स्थापन झाला व स्वातंत्र्यानंतर रांची, मुंबई इ. ठिकाणी उच्च कार्बनी तारांचे व तारदोरांचे उत्पादन वाढले. आता मुद्रेतील विरूपण, प्रतिबले व तापमान यांचा अंदाज संगणकाच्या साहाय्याने आधीच बांधता येतो. तसेच यंत्र चालू असताना ओढबल व तारेचे तापमान मोजून मुद्रेची झीज व वंगणातील बिघाड वेळीच ओळखता येतात. तरीही तार स्वीकारताना ती पिळून व वाकवून पाहण्याच्या जुन्या चाचण्यांना पर्याय मिळालेला नाही.